उकिडवे बसताना घोटा दुखतो किंवा अडतो : तपासणी, व्यायामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

उकिडवे बसताना टाच उचलली जाऊ लागली की पोटऱ्या आखडल्या आहेत असे गृहीत धरून बहुतेक जण भिंतीला हात टेकतात आणि मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणू लागतात. महिनाभर हे करूनही टाच जमिनीला लागत नाही, काहींचा घोटा तर पुढच्या बाजूने अधिकच दुखू लागतो, आणि मग सगळा व्यायामच निरुपयोगी म्हणून सोडून दिला जातो. अशा वेळी अडथळा घोट्याच्या पुढे आहे की मागे, हे पाहण्याआधीच ताणायला सुरुवात झालेली असते.

पुढे सात टप्पे दिले आहेत. त्यांतले पहिले चार केवळ तपासणीचे आहेत आणि घाईत नेमके तेच वगळले जातात. साहित्य फारसे लागत नाही : शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, वर्तमानपत्राची एक लांब पट्टी, तीन-चार सेंटिमीटर जाडीची न हलणारी फळी, सायकलची जुनी ट्यूब आणि नोंदीसाठी वही.

टप्पा १ : व्यायाम करू नये अशी दुखणी आधी वेगळी काढावीत

घोटा नुकताच मुरगळला असेल तर प्रथम अस्थिभंगाची शक्यता पाहावी. कॅनडातील ओटावा येथे तयार झालेले काही साधे निकष आज अनेक देशांतील आपत्कालीन विभागांत यासाठी वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर अथवा त्याच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापत झाल्या वेळी आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जे हाड हाताला लागते, त्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याशी असलेल्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही हाच नियम लागू होतो.

पुढीलपैकी काहीही असल्यास ताणण्याचा, चोळण्याचा किंवा शेकण्याचा कोणताही प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे.

- टाचेमागे अचानक कोणीतरी लाथ मारल्यासारखी कळ आली आणि त्यानंतर त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोरासारखा पट्टा, तुटल्याचे हे लक्षण असू शकते.
- एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते आणि दाबल्यावर दुखते; विशेषतः शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा लांबचा बसून केलेला प्रवास नुकताच झाला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अशी पोटरी मुळीच चोळू नये.
- घोटा लाल, गरम आणि स्पर्शही सहन होणार नाही इतका दुखरा आहे, किंवा सोबत ताप आहे.
- मधुमेह आहे आणि पाऊल सुजून गरम झाले आहे. अशा वेळी वेदना कमी असते म्हणून निश्चिंत राहू नये. नसांची संवेदना कमी झालेली असल्यामुळे आतली हाडे ढासळत असतानाही फारसे दुखत नाही.
- पाऊल स्वतःहून वर उचलता येत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो.

एक गोष्ट सहसा विचारली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटातील प्रतिजैविके चालू असताना किंवा ती संपल्यानंतर काही महिन्यांपर्यंतही टाचेमागची कंडरा दुखावण्याचा धोका वाढलेला असतो. या काळात तिथे नवे दुखणे सुरू झाले तर व्यायाम थांबवून औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

टप्पा २ : अडचण घोट्याचीच आहे ना, हे पाहावे

उकिडवे बसल्यावर तोल राहायचा तर शरीराचा भार तळपायांच्या वर असावा लागतो आणि त्यासाठी नडगीने पुढे झुकणे आवश्यक असते. नडगी झुकली नाही तर कंबर मागे राहते आणि माणूस मागे कलंडू लागतो. ते टाळण्यासाठी टाच उचलली जाते, पाठ गोल होऊन पुढे वाकते किंवा तळपायाची कमान आत कोसळते. ज्यांचे मांडीचे हाड धडाच्या मानाने लांब असते, त्यांना हा झुकाव इतरांपेक्षा जास्त लागतो. त्यामुळे शेजारी सहज बसतो म्हणून आपल्यातच दोष आहे असे मानू नये.

अनवाणी उभे राहून, पाय खांद्यांएवढे अंतर ठेवून आणि चवडे किंचित बाहेर वळवून उकिडवे बसावे. त्यानंतर दोन्ही टाचांखाली फळी ठेवून तसेच पुन्हा बसावे. फळी ठेवताच बसणे लगेच सोपे झाले तर अडथळा घोट्यात आहे. फळीनेही फरक पडला नाही तर पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीकडे ओढून पाहावेत. तिथेही मांड्या पोटापर्यंत येत नसतील किंवा गुडघे पुरेसे मिटत नसतील, तर प्रश्न खुब्याचा किंवा गुडघ्याचा आहे आणि पुढचे टप्पे त्यावर उपाय नाहीत.

तालमीतल्या बैठकांवरून घोट्याचा अंदाज बांधू नये. त्या बैठकांत खाली जाताना टाच उचललेलीच असते, त्यामुळे घोट्याला फारसे वाकावे लागत नाही. शे-दोनशे बैठका सहज मारणारा माणूसही टाच टेकवून बसताना अडू शकतो.

टप्पा ३ : मोजमाप घ्यावे

अनवाणी भिंतीसमोर उभे राहून एका पायाचा अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. टेकला तर पाऊल थोडे मागे सरकवून पुन्हा प्रयत्न करावा. टाच जमिनीवर राहून गुडघा भिंतीला जेमतेम टेकतो, त्या स्थितीतील अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंतचे अंतर हे त्या घोट्याचे माप. मागचा पाय आणि हात केवळ तोलासाठी वापरावेत.

साधारण दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असेल तर घोटा बहुतेक कामांना पुरतो. उंची आणि पावलाची लांबी यांमुळे हा आकडा माणसागणिक बदलतो, म्हणून मी त्यापेक्षा दोन्ही पायांतील फरकाला अधिक महत्त्व देतो. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल, तर कमी मापाच्या घोट्यात निश्चित काहीतरी आहे, मग ती जुनी मुरगळ विस्मरणात गेलेली का असेना.

या मोजणीत तीन ठिकाणी फसगत होते. पहिली टाचेची : ती दोन-तीन मिलिमीटर उचललेली स्वतःला कळतही नाही. यासाठी टाचेखाली वर्तमानपत्राची पट्टी अडकवून तिचे टोक दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावे आणि गुडघा टेकल्यावर ते ओढायला सांगावे. पट्टी सुटून आली तर ते माप रद्द समजावे. फाटली किंवा अडकून राहिली तर माप खरे. दुसरी गुडघ्याच्या दिशेची : गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जायला हवा. तो आत झुकला तर कमान कोसळते, तळपाय आपल्या सांध्यांतून हालचाल उसनी देतो आणि घोटा आहे त्यापेक्षा मोकळा भासतो. तिसरी पावलाच्या कोनाची : पाऊल बाहेर वळवले की हीच चूक वेगळ्या वाटेने होते. जमिनीवर भिंतीला काटकोनात खडूची रेघ ओढून अंगठ्याशेजारचे बोट आणि टाचेचा मध्य त्या रेघेवर ठेवला, की दुसरी आणि तिसरी फसगत टळते.

*पडताळा :* प्रत्येक पायाचे माप तीनदा घ्यावे आणि मधला आकडा तारीख-वेळेसह लिहावा. सकाळी उठल्या उठल्या घोटे ताठर असतात. म्हणून पुढची मापे दिवसाच्या त्याच वेळी घ्यावीत.

टप्पा ४ : अडथळा पुढे की मागे

संपूर्ण मार्गदर्शनाचा निर्णय या टप्प्यावर अवलंबून आहे. वरच्याच स्थितीत, गुडघा शक्य तितका पुढे गेलेला असताना, हालचाल जिथे थांबते तिथे नेमके कुठे काय जाणवते ते एका बोटाने दाखवावे. संपूर्ण तळहात फिरवून 'इथे सगळीकडे' असे दाखवण्याने काहीच कळत नाही.

पोटरीच्या खालच्या भागात किंवा टाचेच्या वर ताण जाणवत असेल तर स्नायू आणि कंडरा अडवत आहेत. त्यासाठी ५ (क) करावा.

घोट्याच्या पुढच्या घडीत चिमटा बसल्यासारखे किंवा काहीतरी मध्ये आल्यासारखे वाटत असेल तर अडथळा सांध्याचा आहे. नडगीचे हाड पावलाच्या टॅलस नावाच्या हाडावर पुढे झुकते तेव्हा टॅलसने थोडे मागे सरकायचे असते. जुनी मुरगळ किंवा प्लास्टर यांनंतर ते सरकणे कमी होते, आणि काहींच्या सांध्याच्या पुढच्या कडेवर हाडाची वाढही झालेली असते. फुटबॉल खेळणाऱ्यांमध्ये ती इतकी आढळते की तिला त्यांच्याच नावाने ओळखले जाते. यासाठी ५ (ख).

टाचेच्या मागे, जिथे बूट घासतो तिथेच, दुखत असेल तर ५ (ग).

*सावधान :* पुढे चिमटा बसत असताना पोटरी जोराने ताणत राहणे म्हणजे आधीच दुखावलेल्या भागावर दोन हाडे पुन्हा पुन्हा आदळवणे होय. घोटा 'व्यायामाने बिघडला' अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्यापैकी पुष्कळ जण याच वाटेने गेलेले असतात.

टप्पा ५ (क) : ताण मागे जाणवत असल्यास

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, तर त्याच्या आतला सोलिअस हा चपटा स्नायू गुडघ्याच्या खालून निघतो, आणि दोघेही टाचेमागच्या एकाच कंडरेत मिळतात. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो, त्यामुळे उकिडवे बसताना अडवतो तो मुख्यतः सोलिअस. गुडघा सरळ ठेवून केलेले ताण, सूर्यनमस्कारातील पर्वतासनात टाचा दाबणेही त्यातच आले, प्रामुख्याने वरच्या स्नायूवर काम करतात. ते चालण्या-धावण्यासाठी उपयोगी असले तरी उकिडवे बसण्याच्या तक्रारीत त्यांच्यावर विसंबू नये.

योग्य रीत अशी : भिंतीसमोर एक पाय पुढे, एक मागे ठेवावा, मागच्या पायाची टाच जमिनीला घट्ट टेकवून त्याच पायाचा गुडघा वाकवत खाली आणि पुढे न्यावा. ताण पोटरीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात आला पाहिजे. तिथे तीस सेकंद स्थिर राहावे, थोडी विश्रांती घ्यावी आणि असे तीन ते चार वेळा करावे. झटके देऊ नयेत. आठवड्यातून पाच दिवस हे केल्यास पुरते. रविवारी एकदम तासभर ताणण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे अधिक देतात. फरक काही आठवड्यांत काही अंशांचा पडतो, एकदम नाही.

टप्पा ५ (ख) : पुढे चिमटा बसत असल्यास

इथे टॅलसला मागे सरकायला मदत करत गुडघा पुढे न्यायचा असतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असलेला भाग कापून काढावा, कारण धातूचा तुकडा त्वचेला टोचतो, आणि ट्यूबची टोके बांधून फास करावा. फासाचे एक टोक मागे, जमिनीलगत, जड पलंगाच्या पायाला अडकवावे आणि पलंगाकडे पाठ करून उभे राहावे. दुसरे टोक घोट्याच्या पुढच्या घडीवर, दोन्ही उंचवट्यांच्या खाली, यावे. पाऊल एका विटेवर किंवा कमी उंचीच्या पाटावर ठेवले की ओढ मागे आणि किंचित खाली मिळते. ट्यूब ताठ होईपर्यंत पुढे सरकून, टाच न उचलता, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत सावकाश पुढे न्यावा, दोन सेकंद थांबावे आणि परत यावे. दहा ते पंधरा वेळा, दोन ते तीन फेऱ्या.

यातली सर्वांत मोठी चूक ट्यूबच्या जागेची आहे. ती उंचवट्यांच्या वर, नडगीवर गेली की टॅलसऐवजी नडगीच मागे ओढली जाते, म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट घडते. व्यायाम करताना ट्यूब हळूहळू वर सरकते, म्हणून प्रत्येक फेरीआधी जागा पाहावी.

*पडताळा :* फेऱ्या संपताच भिंतीजवळचे माप पुन्हा घ्यावे. अर्धा-एक सेंटिमीटर वाढ दिसली आणि चिमटा सौम्य झाला तर दिशा बरोबर आहे. दोन आठवडे नियमित करूनही माप हलत नसेल, किंवा चिमटा वाढत असेल, तर थांबावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाची वाढ ताणून जात नाही.

अस्थिभंगानंतर घोट्यात प्लेट किंवा स्क्रू असलेल्यांनी हा प्रकार शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नये. नडगीची दोन हाडे जोडणारा स्क्रू घोट्याची हालचाल स्वतःच मर्यादित ठेवू शकतो.

टप्पा ५ (ग) : टाचेच्या मागे, हाडालगत दुखत असल्यास

इथे ताणणे बंद. घोटा जितका वाकतो तितकी कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते, आणि दुखणे त्या दाबाचेच असते. काही आठवडे सपाट चप्पल टाळून टाचेला किंचित उंची असलेले पादत्राण घालावे आणि पुढचा टप्पा केवळ सपाट जमिनीवर करावा.

टप्पा ६ : मिळालेली हालचाल ताकदीने धरून ठेवावी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सोडला जातो, आणि मग कमावलेले माप पंधरवड्यात परत जाते. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून कठडा धरावा. दोन्ही टाचा वर उचलाव्यात, मग तीन सेकंद घेत पायरीच्या पातळीखाली सोडाव्यात. बारा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. निम्म्या फेऱ्या गुडघे थोडे वाकवून कराव्यात, म्हणजे सोलिअसवर भार येतो. सोपे वाटू लागले की एका पायावर यावे, आणि तेही सोपे झाले की पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून वजन वाढवावे. ५ (ग) मधील वाचकांनी पायरी वापरू नये. टाच जमिनीपाशीच थांबावी.

ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो त्यांनी यात एका पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याची भर घालावी, आधी डोळे उघडे ठेवून आणि जमल्यावर भिंतीजवळ उभे राहून डोळे मिटून.

वेदनेचा हिशेब असा ठेवावा : शून्य ते दहा या मापावर तीनपर्यंतचे दुखणे व्यायामात चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे. सकाळची पहिली काही पावले नेहमीपेक्षा अधिक दुखली, तर आदल्या दिवशीचा भार जास्त होता.

टप्पा ७ : फळी कमी करत उकिडवे बसणे

व्यायामानंतर लगेच, घोटे मोकळे असताना, टाचांखाली फळी ठेवून उकिडवे बसावे. समोर दाराची चौकट किंवा खिडकीचे गज धरावेत. कोपरांनी गुडघे हळूच बाहेर ठेवावेत आणि भार अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा व टाच या तिन्ही ठिकाणी समान आहे का हे पाहावे. तीस सेकंदांपासून सुरुवात करून दोन मिनिटांपर्यंत जावे. दोन मिनिटे सहज झाली की फळीची जाडी सुमारे एक सेंटिमीटरने कमी करावी. जुन्या वह्यांची घट्ट बांधलेली चवड यासाठी सोयीची, कारण तिच्यातून एकेक वही काढता येते.

एका वेळी एकच गोष्ट कठीण करावी. फळी कमी केली त्या आठवड्यात हाताचा आधार सोडू नये, आणि आधार सोडला त्या आठवड्यात फळी तीच ठेवावी. वजन घेऊन बैठका मारणाऱ्यांनी तोवर टाचेला उंची ठेवूनच त्या माराव्यात. अडलेल्या घोट्यावर वजन चढवले की त्याची भरपाई कंबर आणि गुडघे करतात.

*सावधान :* हे शौचालयात करून पाहू नये. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर टाच उचलून बसणाऱ्याच्या पायाखाली ओल्या फरशीवर सुटी फळी ठेवणे म्हणजे पडण्याला निमंत्रण. तोपर्यंत भिंतीला पक्का दांडा बसवून घ्यावा किंवा कमोडची खुर्ची वापरावी. शेतात खुरपणीसारखे काम तासन्‌तास उकिडवे बसून करावे लागत असेल तर छोट्या पाटावर बसून करावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे.

किती दिवस पाहावे

दर आठवड्याला एकदा भिंतीजवळचे माप लिहावे. रोज मोजल्यास किरकोळ चढउतारांनी मन विचलित होते. सहा ते आठ आठवड्यांत एक-दोन सेंटिमीटर वाढ आणि फळीच्या जाडीत घट दिसली तर क्रम चालू ठेवावा. माप जिथल्या तिथे असेल तर वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे जावे. अडथळा पुढे की मागे, दोन्ही पायांतील फरक किती, कोणता व्यायाम किती आठवडे केला आणि त्यानंतर लगेच माप किती बदलले, एवढे लिहिलेले असेल तर एक्स-रे कुठल्या बाजूने काढायचा हे ठरवणे त्यांना सोपे जाते. पुढच्या कडेवर हाडाची वाढ असेल आणि ती रोजच्या कामात अडत असेल, तर ती दुर्बिणीतून काढता येते. ती अडत नसेल, किंवा घोट्याची ठेवणच लहानपणापासून तशी असेल, तर टाचेखाली कायमची थोडी उंची ठेवून बसण्यात काहीच कमीपणा नाही. वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या खास बुटांची टाच सुमारे दोन सेंटिमीटर उंच असते, ती याच कारणासाठी.